बालपोषणातली नोकरी: गोव्यातलं सरकारी पद की आंतरराष्ट्रीय संस्था?

गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण संपवलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या मुली हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात. महिला व बालविकास खात्यात मुख्य सेविका किंवा बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं, की युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, सेव्ह द चिल्ड्रन अशा ठिकाणी पोषण कार्यक्रम अधिकारी? घरचे पहिल्या बाजूने असतात, मैत्रिणी दुसऱ्या. दोघांच्याही बोलण्यात पगार, पेन्शन आणि परदेश एवढंच येतं. पगाराकडे येऊच, आधी या दोन खुर्च्यांवर बसून दिवसभर करायचं काय, ते पाहू.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकते. "गोव्यात कुठे आलंय कुपोषण? खरं काम करायचं तर आफ्रिकेत जायला हवं." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-20) गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 19.1 टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी निघालं. देशाचा आकडा 19.3. म्हणजे दरडोई उत्पन्नात पुढे असलेलं आपलं राज्य या एका बाबतीत देशाच्या रांगेतच उभं आहे. हे प्रमाण 15 टक्क्यांवर गेलं की जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ त्याला 'अतिउच्च' म्हणतात. मोझांबिकमध्ये हाच आकडा पाच टक्क्यांच्या आतबाहेर आहे. तिथलं दुखणं वेगळं: वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं तिथे 37 टक्क्यांच्या घरात आहेत. गोव्यात ती 25.8 टक्के, आणि 2015-16 च्या फेरीत ती 20.1 होती. गोव्याचा नमुना लहान असतो, तेव्हा दशांशावर भांडू नये. पण 'आपल्याकडे कामच नाही' हे कारण सांगून कुणी बाहेर जात असेल, तर तिने दुसरं कारण शोधावं.

गोव्यातली खुर्ची

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ची. गोव्याच्या बारा तालुक्यांत मिळून साडेबाराशेच्या आसपास अंगणवाड्या आहेत. मुख्य सेविकेकडे त्यातल्या वीस-पंचवीस येतात आणि तिचा दिवस त्यांच्या वाऱ्या करण्यात जातो. या कामाचा गाभा मोजमाप आहे, आणि ते दिसतं तितकं सोपं नसतं. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. एकीने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पावलांना सरकती फळी लावायची. मूल रडतं, कंबरेत वाकतं, आई म्हणते "पुरे गो बाई", आणि सेंटीमीटरभर उंची तिथेच हरवते. दोन वर्षांवरचं मूल झोपवून मोजलं तर 0.7 सेंटीमीटर वजा करायचे, हे पुस्तकात शिकवलेलं असतं. पण रजिस्टरातली वजनं 10, 11, 12.5 अशी गुळगुळीत दिसू लागली की कुणीतरी काटा न वाचता अंदाजे लिहिलंय, हे ओळखायला दोन-तीन वर्षांची नजर लागते. ती नजर इथे तयार होते, दुसरीकडे कुठेही इतक्या स्वस्तात होत नाही.

ते सगळं मग पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाड्यांच्या नोंदींच्या सरकारी अ‍ॅपवर, चढतं. घाटाकडच्या वाड्यांवर सेविका रेंज शोधत अंगणात फिरते. 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहराही अ‍ॅपवर जुळवावा लागतो, आणि तो जुळला नाही की ओरडा सेविकेला बसतो, अ‍ॅप बनवणाऱ्याला नाही. देशपातळीवर ट्रॅकरमध्ये लुकडी (उंचीच्या मानाने कमी वजनाची) मुलं पाच-सहा टक्के दिसतात, सर्वेक्षणात 19.3. मोजलेली मुलं वेगळी, पद्धत वेगळी, हे मान्य. तरी एवढ्या तफावतीचं उत्तर तालुक्याच्या अधिकाऱ्याकडूनही अपेक्षित असतं आणि ते देण्याचं साधन तिच्याकडे नसतं.

बालविकास प्रकल्प अधिकारी झालात की मुलांपासून आणखी एक पायरी दूर जाता. टेबलावर गृहआधार योजनेचे अर्ज, लाडली लक्ष्मी योजनेच्या फायली, अंगणवाडीच्या भाड्याच्या जागेचा करार, सेविकेच्या बदलीसाठी आलेला पंचाचा फोन. पोषण हा दिवसातला एक विषय, मुख्य विषय क्वचितच. पूरक आहारात नाचणीचं तिझान आणावं, अळसांदे आणावेत, असं तुम्हाला शंभर वेळा वाटेल. पण पाककृती, दर आणि पुरवठा वर ठरतो. तुमच्या हातात उरतं ते सेविकेला मातांच्या बैठकीत सांगायला लावणं, की सहा महिन्यांनंतर नुसत्या पेजेवर भागत नाही, त्यात डाळ, अंडं, माशाचा तुकडा कुस्करून घाला. हे काम लहान वाटेल, पण मुलांच्या वजनावर त्याचा परिणाम दिसतो आणि तो तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो.

बाहेरची खुर्ची

आता मोझांबिकच्या उत्तरेला, काबो देल्गादो प्रांतातल्या पेंबा शहराची कल्पना करा. 2017 पासून तिथे सशस्त्र संघर्ष सुरू आहे आणि विस्थापितांच्या वस्त्या आहेत. अशा ठिकाणचा पोषण कार्यक्रम अधिकारी मुलांना मोजतो, असा समज असेल तर तो सोडा. मोजते ती आरोग्य केंद्रातली नर्स किंवा स्थानिक भागीदार संस्थेची स्वयंसेविका. दंडाचा घेर मोजायची पट्टी 115 मिलिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण, दाखवते, मग मुलाची भूक तपासतात: शेंगदाण्याच्या पेस्टची पुडी मळून मऊ करायची, कोपरा कापायचा, आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला हळूहळू चाटवायची, सोबत पाणी द्यायचं आणि वाट बघायची. खाल्लं तर पुड्या घेऊन घरी. तोंड फिरवलं तर रुग्णालयात.

अधिकारी काय करतो? ती पुडी तिथे पोचवतो. एक पुडी 92 ग्रॅमची, 500 कॅलरींची. खोक्यात 150, आणि ढोबळ हिशेबाने एका मुलाच्या उपचाराला एक खोकं. चार हजार मुलं धरली की चार हजार खोकी, म्हणजे पंचावन्न टन माल. तो बंदरातून कधी सुटेल, कुठल्या गोदामात राहील, कोणत्या ट्रकने जाईल? तिथे भुकेचे महिने आणि पावसाचे महिने एकाच वेळी येतात. गरज वाढते त्याच सुमाराला रस्ते तुटतात. म्हणून सगळा हिशेब चार-सहा महिने आधी मांडावा लागतो. जोडीला भागीदार संस्थेचं अंदाजपत्रक तपासणं, समन्वय बैठका, देणगीदारांचे अहवाल. बरी झालेली मुलं 75 टक्क्यांच्या वर, मृत्यू 10 च्या खाली, उपचार मध्येच सोडणारी 15 च्या खाली: हे आंतरराष्ट्रीय मापदंड पाळले गेले का, आणि नसतील तर का नाही, यावर पानंच्या पानं लिहायची.

ज्यांना इंग्रजीत नेटकं लिहायला आणि एक्सेलमध्ये बुडून जायला आवडतं त्यांना हे काम फार जमतं. ज्यांना मुलांच्या आयांशी बोलायला आवडतं त्या सहा महिन्यांत कंटाळतात. मोबदल्यात मिळतो आवाका. राष्ट्रीय मार्गदर्शिकेतलं एक वाक्य बदललं तर अख्ख्या देशात उपचार बदलतात, आणि ते वाक्य ठरतं त्या खोलीत तुम्ही बसलेल्या असता. गोव्याच्या तालुक्यात बसून ते होणार नाही.

शिरायचं कसं

गोव्यात राजपत्रित पदांसाठी लोकसेवा आयोग, बाकीच्यांसाठी कर्मचारी निवड आयोग. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. जाहिरातीत कोकणीचं ज्ञान अत्यावश्यक असतं, मराठीचं असल्यास उत्तम. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलींना बोलताना अडचण नसते. लेखी कोकणीची तयारी मात्र करावी, ती गृहीत धरू नये. खरी अडचण वेळेची. जागा कधी निघतील ते कुणाच्या हातात नसतं, आणि 'वशिला लावू' म्हणणारे मध्ये भेटतात. 2024 च्या अखेरीस सरकारी नोकरीच्या आमिषाने पैसे उकळल्याची प्रकरणं गोव्यात किती गाजली ते आठवा. दुसऱ्या बाजूलाही तोच बाजार आहे: संयुक्त राष्ट्रांच्या नावाने येणाऱ्या 'नेमणूकपत्रात' व्हिसा किंवा नोंदणी शुल्क मागितलं असेल तर तो मेल सरळ डिलीट करा. युनिसेफ भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही.

संयुक्त राष्ट्रांत शिडी दोन प्रकारची. भारतीय नागरिकाला भारतातल्या कार्यालयात 'राष्ट्रीय अधिकारी' म्हणून जागा असते. देशाबाहेर 'आंतरराष्ट्रीय व्यावसायिक' म्हणून. पदव्युत्तर पदवी दोन्हीकडे जवळपास सक्तीची. या आंतरराष्ट्रीय शिडीच्या दुसऱ्या पायरीला साधारण दोन वर्षांचा, तिसरीला पाच वर्षांचा अनुभव मागतात, आणि अर्जांच्या ढिगात परदेशात काम केलेले लोक आधीच असतात. पणजीहून थेट पेंबाला उडी पडत नाही. बहुतेक जण आधी राष्ट्रीय संस्थेत, मग संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक किंवा सल्लागार म्हणून आत शिरतात.

भाषेच्या बाबतीत गोव्याचा एक फायदा कुणी मोजत नाही. पोर्तुगीज ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत बसत नाही, पण मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ, तिमोर-लेस्त इथे तिच्यावाचून पान हलत नाही. गोवा विद्यापीठात ती शिकता येते. आपल्या मराठी घरांत पोर्तुगीज म्हटलं की अजून भुवया उंचावतात. नोकरीपुरता तो वाद बाजूला ठेवावा. फ्रेंच घेतली तर नायजर, चाड, माली, बुर्किना फासो उघडतात, आणि पोषणाची कामं त्या पट्ट्यात जास्त.

पैसा आणि खात्री

इथे दोन्ही बाजूंनी अर्धवट माहिती फिरते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित कर्मचाऱ्याचा पगार भारतात प्राप्तिकरातून मुक्त असतो. सल्लागाराचं मानधन करमुक्त नसतं. 'युनिसेफमध्ये आहे' म्हणणाऱ्या कित्येक जणी सल्लागार असतात किंवा मधल्या मनुष्यबळ कंपनीच्या पगारपत्रकावर असतात. तात्पुरती नेमणूक असली तर ती 364 दिवसांची. 365 व्या दिवशी काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सोबत असतो.

आणि 2025 नंतर तो प्रश्न मोठा झालाय. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, 1 जुलैला तिथल्या युएसएड या सरकारी मदतसंस्थेचं काम थांबलं. पोषण कार्यक्रमांचा मोठा पैसा तिथून येत होता. अनुभवी लोक मोठ्या संख्येने बाजारात आले. आज एखाद्या मधल्या फळीच्या जागेसाठी तुमची स्पर्धा दहा-बारा वर्षं काम केलेल्यांशी आहे. हे चक्र पुन्हा फिरेल कदाचित, पण पुढच्या दोन-तीन वर्षांचा निर्णय त्या भरवशावर घेऊ नये.

सरकारी पगार या तुलनेत कमी, वाढ ठरलेली, महिन्याच्या महिन्याला येणारा. घराचं कर्ज, आजारी सासू-सासरे, मुलांची शाळा हे सगळं त्यावर उभं राहतं. उलट अस्थिर ठिकाणांच्या नेमणुका बहुधा कुटुंब नेता येत नाही अशा असतात. ठरावीक आठवड्यांनी सक्तीची विश्रांती मिळते, पण ती चवथीच्या तारखा बघून मिळत नाही. गणपतीवर माटोळी बांधायला तुम्ही घरी नसाल, हे लग्नाआधीच दोन्ही घरांत बोललेलं बरं.

तिसरी वाट, जी मला जास्त पटते

पंचविशीत असाल आणि मुलांना मोजायचा सराव अंगणवाडीच्या प्रात्यक्षिकापलीकडे गेला नसेल, तर या दोन्हींपैकी काहीच लगेच निवडू नका, असं माझं मत आहे. वर महाराष्ट्र आहे. नंदुरबार, मेळघाट, पालघर, गडचिरोली इथे बालकुपोषणावर काम करणाऱ्या संस्था आहेत आणि तिथे तुमची मराठी हेच भांडवल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च', मेळघाटात डॉ. आशिष सातव यांची 'महान' ही माहितीतली नावं. ग्राम बालविकास केंद्रात गावातच उपचार कसा चालतो, बिघडलेलं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात कधी हलवायचं, आणि आई तिथे चौदा दिवस राहायला का तयार होत नाही (घरी दुसरं लहान असतं, मजुरी बुडते), हे तिथे समजतं. पगार जेमतेम. पण हा अनुभव मुख्य सेविकेच्या कामातही उपयोगी पडतो आणि आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अर्जातही.

यात एक अडचण आहे: सरकारी नोकरीची वयोमर्यादा चालू असते. म्हणून जाहिराती बघत राहा, परीक्षा देत राहा, दोन वर्षं गोव्याबाहेर आहे म्हणून अर्ज चुकवू नका.

सध्या कुठेच लागला नसाल तरी दोन गोष्टी फुकटात शिकता येतात. जागतिक आरोग्य संघटनेचं 'अँथ्रो' आणि पोषण सर्वेक्षणासाठीचं 'ईएनए' ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. ओळखीच्या सेविकेकडून, नावं वगळून आणि परवानगी घेऊन, तीस-चाळीस मुलांची मोजमापं घ्या आणि त्यात घाला. ईएनए दशांशस्थानी कोणता आकडा जास्त वेळा आलाय तेही दाखवतं. हा उद्योग करताना वेळेचं भान राहिलं नाही, तर बाहेरच्या संस्थेचा अर्ज भरायला घ्या. तासाभरात लॅपटॉप मिटून सेविकेबरोबर घरभेटींना निघावंसं वाटलं, तर कर्मचारी निवड आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी करा.