बेळगावात गच्चीवरचं जेवण: मेन्यू नंतर बघा, आधी खुर्ची बघा

बेळगावात चांगल्यापैकी महाग हॉटेलात गच्चीवर जेवायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती कोणत्या हॉटेलात जायचं याची. खरं तर पहिला प्रश्न टेबलाचा आहे. एकाच गच्चीवर, एकाच बिलात, एका टेबलावरून कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, झाडांमागे सूर्य बुडताना दिसतो आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या टेबलावरून पाण्याची टाकी दिसते. म्हणून हे परीक्षण हॉटेलांच्या नावांचं नाही. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला किंवा पाहुणे आल्यावर तीन-चार हजार खर्चून वर जायचं असेल, तर पैसे कशाचे मोजतोय हे कसं तपासावं, त्याचं आहे.

सुरुवात कठड्यापासून. साध्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंमीवर असतात. पक्क्या भिंतीचा कठडा १०० ते १२० सेंमी असतो आणि सुरक्षेसाठी तो तेवढा हवाच. समजा भिंत ११० सेंमी आहे आणि खुर्ची तिच्यापासून एक मीटरवर आहे. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून अशा खुर्चीला सुमारे १७० मीटरच्या अलीकडची जमीन दिसतच नाही. तीच खुर्ची भिंतीपासून तीन मीटरवर सरकवली की हा आंधळा पट्टा ५०० मीटरवर जातो. म्हणजे खालचा रस्ता गेला, दुकानांचे दिवे गेले, समोरची गल्ली गेली. राहिलं आभाळ आणि लांबचे चार ठिपके. काचेचा कठडा असेल तर हा प्रश्नच उरत नाही. भिंतच असेल तर कठड्याला लागून असलेलं उंच स्टूलाचं टेबल मागा. तिथे डोळे ३० सेंमी वर जातात आणि खालचा रस्ताही नजरेत येतो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे ऐसपैस सोफा. फोटोत तो सुंदर दिसतो, पण त्यात रेलून बसलं की डोळे मीटरभर उंचीवर येतात आणि समोर फक्त भिंतीचा गिलावा उरतो.

हॉटेलच्या जाहिरातीतले फोटो कठड्याशी उभं राहून किंवा ड्रोनने काढलेले असतात. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा, त्यातही ताटासह काढलेले. ताटामागे काय दिसतं, तेच तुम्हाला दिसणार आहे.

काचेची एक अडचण मात्र आहे. रात्री टेबलावर लख्ख दिवा आणि बाहेर अंधार असला की काच आरसा होते. शहराऐवजी आपलीच मंडळी जेवताना दिसतात. वेटरला सांगून डोक्यावरचा दिवा बंद किंवा मंद करून घ्या. चांगल्या ठिकाणी कुणी नाही म्हणत नाही. प्रत्येक टेबलाच्या दिव्याला वेगळं बटण आहे का, यावरून मालकाने गच्ची विचार करून बांधली की नुसत्या खुर्च्या मांडल्या, ते लगेच कळतं.

आता दिशा. बेळगाव मुंबई-बंगळूरसारखं उंच इमारतींचं शहर नाही आणि ते बरंच आहे. पाचव्या मजल्यावरून इथे क्षितिज मिळतं. शहराच्या मध्यावरून पश्चिमेला कॅम्प, म्हणजे बंगले, जुनी झाडं आणि रात्री जवळपास काळोख. त्यामागे वैजनाथाच्या डोंगराची रेघ. पूर्वेला किल्ला, तलाव आणि ११० मीटर उंच ध्वजस्तंभ. दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड, हवा स्वच्छ असेल तरच. आग्नेयेला हलग्याच्या बाजूला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत. म्हणजे संध्याकाळ बघायची असेल तर पश्चिम, दिवे बघायचे असतील तर पूर्व आणि दक्षिण, जिकडे शहापूर, अनगोळ, वडगाव दाटीने पसरलंय. दोन्ही एकाच टेबलावरून क्वचितच मिळतं. आमचं मत विचाराल तर पश्चिमेचं टेबल घ्या. इथले दिवे मुंबईइतके दाट नाहीत, पण कॅम्पावरची सांज दुसऱ्या शहरात सहज मिळायची नाही. महामार्गालगतच्या गच्च्यांना शहराचा देखावा म्हणू नये. तिथून महामार्ग दिसतो आणि ट्रकांचे हॉर्न ताटात पडतात.

वेळेत बहुतेकांची चूक होते ती इथे. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आतच मावळतो, जानेवारीच्या मध्याला सहा वीसच्या सुमाराला, एप्रिलमध्ये पावणेसातला, जुलैच्या सुरुवातीला सात-दहाच्या आसपास. मावळल्यानंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं सर्वांत मोलाची. आभाळ निळं असतं, खाली दिवे लागलेले असतात आणि माणसांचे चेहरेही दिसत असतात. त्यानंतर काळोखच. आपल्याकडे सवय साडेआठला टेबल धरायची, आणि बऱ्याच गच्च्या उघडतातही सातला. म्हणजे थंडीत, जेव्हा आभाळ निरभ्र असतं, तेव्हाच सूर्यास्त हुकतो. फोन करताना हॉटेल किती वाजता उघडतं असं न विचारता गच्ची किती वाजता उघडते, असं विचारा. मावळतीच्या अर्धा तास आधी बसा, सूप आणि स्टार्टर तेवढ्यात होतात, जेवण सावकाश मागवा.

चांदण्याचाही हिशेब करता येतो. पौर्णिमेला चंद्र मावळतीच्या सुमाराला पूर्वेला उगवतो, तेव्हा कोजागरीला पूर्वेचं टेबल हवं आणि ते चार-पाच दिवस आधी धरावं लागतं. संकष्टीला चंद्रोदय साधारण आठ ते साडेदहाच्या दरम्यान कधीही असतो. उपास सोडायला गच्चीवर जाण्याची कल्पना छान आहे, पण पंचांगातली वेळ बघून स्वयंपाकघराची शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते विचारून ठेवा. साडेनऊला चंद्र आणि दहाला शेवटची ऑर्डर असेल, तर उपास घाईघाईत सुटतो. कांदा-लसणाशिवायची भाजीही आधी सांगितली तरच मिळते, कारण हॉटेलात ग्रेव्ह्या दुपारीच करून ठेवलेल्या असतात.

ऋतूंपैकी दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्री आठनंतर वर चांगलाच गारठा पडतो. सोबत म्हातारी माणसं असतील तर शाल आणि कानटोपी घ्याच, आणि शेगडी ठेवतात का ते विचारा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा गावातली सगळी मोठी हॉटेलं आमदार, अधिकारी आणि त्यांच्या ताफ्यांनी भरलेली असतात. त्या दिवसांत सुवर्ण सौधाची रोषणाई लांबूनही दिसते, पण टेबल मिळणं आणि वेळेवर वाढलं जाणं, दोन्ही कठीण. मार्च ते मे गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि सूर्य गेल्यावरही दोन-तीन तास पायाखालून ऊब सोडतो. वर लाकडी फळ्या किंवा कृत्रिम हिरवळ असली तरी ती खालून तापतेच. चांगली जागा चालवणारे पाचच्या सुमाराला गच्चीवर पाणी मारतात. वळवाचा पाऊस याच महिन्यांत येतो, आणि तो आधी वाऱ्याने टेबलक्लॉथ उडवून मग येतो.

जून ते सप्टेंबर आमचा स्पष्ट सल्ला असा: देखाव्यासाठी जाऊ नका. बाजूने सोडलेले पारदर्शक प्लास्टिकचे पडदे आतून धूसर होतात, वर पत्रा असेल तर पावसाच्या आवाजात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ढग खाली उतरले की शहर दिसतच नाही. पहिल्या पावसानंतरच्या चार-आठ दिवसांत दिव्यांवर वाळवीची पाखरं येतात आणि ती थेट वाटीत पडतात. पिवळा मंद दिवा असेल तर कमी, पांढरा लख्ख असेल तर रास. पावसाळ्यात जायचंच तर पाऊस आल्यावर आत टेबल देणार का, की नुसतं थांबायला सांगणार, हे आधी ठरवून घ्या. आत तेवढ्या खुर्च्या असतातच असं नाही. आगाऊ रक्कम भरली असेल तर ती पावसात परत मिळते की पुढच्या तारखेला वळती होते, हे फोनवर ऐकून भागत नाही. मेसेजवर लिहून घ्या.

जेवणाबद्दल मुख्य गोष्ट एकच: वारा. स्वयंपाकघर गच्चीवर किंवा लगेच खालच्या मजल्यावर असेल तर ताट गरम येतं. तळमजल्यावर असेल आणि वेटर गिऱ्हाइकांच्याच लिफ्टने ताट आणत असेल, तर शनिवारी रात्री लिफ्टची वाट बघण्यातच नान चामड्यासारखं होतं. त्यात उघड्यावरचा वारा. म्हणून मागवायचं ते उष्णता धरून ठेवणारं. बंद हंडीतली बिर्याणी चालते, ओतीव लोखंडी ताटावरचं सिझलर चालतं, जाड ग्रेव्ही चालते. रोट्या एकदम आठ न मागवता दोन-दोन करून मागवा आणि तसं सुरुवातीलाच सांगा, म्हणजे तंदूरवाल्याला अंदाज राहतो. पातळ फुलके, डोसा, कुरकुरीत तळलेलं वर मागवू नये. थंडीत गार होतं, दमट हवेत मऊ पडतं. मासे आपल्याकडे गोवा-कारवारकडून येतात, ताजे आणि चांगले येतात. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सुरमई-पापलेट चढ्या भावाने दिसलं तर ते बर्फातलं असण्याचीच शक्यता जास्त. शाकाहारी मंडळींनी तंदूर आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हे मॅनेजरला विचारावं. वेटर कोणत्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. गोड खायचं तर गच्चीवर आईस्क्रीम पुरे. कुंदा घरी जाताना मिठाईच्या दुकानातून घ्या.

बसण्यापूर्वी एक चक्कर मारा आणि स्वयंपाकघराचं धुराडं आणि जनरेटर कुठे आहे ते बघा. दोन्ही बहुधा गच्चीवरच असतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो, थंडीत बऱ्याचदा पूर्वेकडून. धुराडं वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर तळणीचा वास कपड्यांत घेऊन घरी जाल. हेस्कॉमची वीज गेली आणि जनरेटर टेबलाशेजारीच सुरू झाला, तर देखावा असूनही उठावंसं वाटतं.

बिलात दोन गोष्टी बघा. सुट्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. पण रेस्टॉरंट अशा हॉटेलात असेल जिथे आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलंय, किंवा हॉटेलने स्वतः तसं जाहीर केलंय, तर १८ टक्के. ३,००० रुपयांच्या जेवणाचे एका ठिकाणी ३,१५० होतात, दुसऱ्या ठिकाणी ३,५४०. दारूवर जीएसटी नसतो, तिचं बिल वेगळं मांडलेलं असावं. दुसरी गोष्ट सर्व्हिस चार्ज. तो परस्पर बिलात घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ वर तक्रार करता येते. सेवा आवडली तर टिप वेटरच्या हातात द्या, तेवढं मन मोठं ठेवा. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं म्हणून मात्र भांडू नका. हॉटेलात बसून पिताना तसं लावायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलीय. साधं गाळलेलं पाणी मागा.

काही गच्च्यांवर दारू मिळत नाही आणि गिऱ्हाईक वेटरवर चिडतं. दोष वेटरचा नसतो. परवाना नकाशात दाखवलेल्या जागेपुरता असतो. खालचा बार त्यात असतो, गच्ची नसते. हुक्का तर कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून बंदच आहे. उघड्यावरचं लाऊडस्पीकरवरचं गाणं रात्री दहाला थांबायला हवं, म्हणून लाइव्ह गाण्यासाठी जाणार असाल तर साडेसात-आठलाच पोचा, आणि शांतपणे बोलायचं असेल तर दहानंतरचा तास धरा.

एका बाबतीत आम्ही कुणालाही सूट देणार नाही. मुंबईत कमला मिल्समध्ये २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या पबांना आग लागली आणि १४ जीव गेले. बांबू, ताडपत्री, कापडी छत हे सगळं झपाट्याने पेटतं, आणि वरून खाली यायला वाट एकच असेल तर माणसं अडकतात. वर गेल्यावर दुसरा जिना शोधा. त्याच्या दाराला कुलूप असेल किंवा पायऱ्यांवर बाटल्यांचे क्रेट आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील, तर देखावा कितीही सुंदर असो, खाली या. कापडी छताखाली गॅस सिलेंडर किंवा उघडी शेगडी दिसली तरी हेच करा.

फोनवर टेबल धरताना ‘कोपऱ्यातलं छानसं टेबल द्या’ म्हणून काही होत नाही. ‘चार माणसं, पश्चिमेच्या कठड्याला लागून, सव्वासहाला, सोफा नको’ असं सांगा आणि टेबलाचा नंबर विचारून घ्या. आजी-आजोबा येणार असतील तर लिफ्ट थेट गच्चीवर जाते का, हेही विचारा. बऱ्याच इमारतींत लिफ्ट एक मजला आधीच थांबते आणि शेवटच्या अठरा-वीस पायऱ्या अरुंद लोखंडी जिन्याच्या असतात. स्वच्छतागृहही बहुधा त्याच खालच्या मजल्यावर असतं, म्हणजे तो जिना दोनदा नव्हे, चारदा चढावा-उतरावा लागतो. खानापूर-निपाणीकडून गाडी घेऊन येणाऱ्यांनी पार्किंग इमारतीच्या आत आहे की रस्त्यावर, ते विचारावं. आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या किंवा गणेश विसर्जनाच्या रात्री गावात टेबल धरणार असाल, तर गाडी टिळकवाडीतच कुठेतरी लावून चालत या. त्या रात्री गाडी पुढे सरकत नाही, पण मिरवणुकीच्या रस्त्यावरची गच्ची मिळाली तर वर्षातला सर्वांत सुंदर देखावा तोच.