स्टील सांगून जस्ताचा ब्लॉक बसवला: ट्रेमोलो दुरुस्तीत माझे १३,८५० रुपये गेले

ट्रेमोलो म्हणजे गिटारच्या ब्रिजला (तारा जिथे अडकतात त्या भागाला) लावलेली सूर हलवणारी यंत्रणा. ती दांडीने दाबतात, आणि ब्रिजखालचा धातूचा ठोकळा म्हणजे ब्लॉक; त्यात दांडी, तारा आणि स्प्रिंगा बसतात. आता आकडे आधी सांगतो. आगाऊ ६,००० रुपये यूपीआयने, गिटार परत घेताना ५,००० यूपीआयने आणि २,८५० रोख. एकूण १३,८५०. त्यात 'अमेरिकन स्टील ब्लॉक' ९,४०० चा, नवी दांडी १,६५० ची आणि मजुरी-सेटअपचे २,८००. हातात काय पडलं, तर जस्ताच्या मिश्रधातूचा एक ओतीव ठोकळा. दुसऱ्या कारागिराने त्याची किंमत हजार-बाराशे सांगितली. शिवाय माझा चांगला ब्लॉक गेला तो गेलाच.

गिटार म्हणजे मेक्सिकोत बनलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर, सहा स्क्रूंचा जुन्या पद्धतीचा ब्रिज असलेली. सेकंडहँड घेतली होती, पण मागचं झाकण उघडून, ब्लॉकला चुंबक लावून, सगळं बघून घेतली होती. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. गणपतीतले कार्यक्रम तोंडावर आलेले आणि तालमीत ट्रेमोलोची दांडी आट्यांपाशी तुटली. तुकडा ब्लॉकच्या भोकातच राहिला. दांडी तुटते ती बहुतेक वेळा तिथेच. ती पूर्ण आत गेलेली नसली किंवा भोकात खुळखुळत असली, की सगळा ताण एकाच आट्यावर येतो. भोकाच्या तळाशी बारीकशी स्प्रिंग टाकली किंवा आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा दिला, तर दांडी हलायची थांबते. दोन्ही गोष्टी दहा-वीस रुपयांच्या आहेत. आणि गिटार बॅगेत ठेवताना दांडी काढून ठेवा. सांगून सांगून लोक ऐकत नाहीत.

आमच्या कीबोर्डवाल्याने ज्याच्याकडे पाठवलं, त्याचं नाव किंवा परिसर इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. माणूस अडाणी नव्हता, हे मात्र सांगायलाच हवं. 'ज्याला काही कळत नाही त्याच्याकडे गेलासच कशाला' असं ज्यांनी मला ऐकवलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. १९५४ साली पहिली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा ब्लॉक स्टीलचा होता, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने तो ओतीव केला, त्यामुळे जुन्या स्टील ब्लॉकला अजून मान आहे, हे सगळं त्याने मला सांगितलं. आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खरी माहिती देऊन विश्वास मिळवायचा आणि खोटा माल द्यायचा, ही त्याची रीत. इतकं जाणणाऱ्या माणसाच्या हाती गिटार द्यायची नाही, तर द्यायची कोणाच्या?

दुसऱ्या दिवशी फोन आला. 'तुकडा निघाला, पण ब्लॉकमधले आटे पूर्ण गेलेत. नवीनच टाकावा लागेल. माझ्याकडे एकच अमेरिकन पीस शिल्लक आहे, दुसरा गिऱ्हाईक मागतोय.' एकच पीस, दुसरा गिऱ्हाईक, आगाऊ पैसे. ही चाल सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही आहे. पण कार्यक्रम रविवारी होता आणि गिटार त्याच्या टेबलावर उघडी पडलेली. ६,००० पाठवले.

आता जो क्षण मला अजून छळतो, तो सांगतो. गिटार घ्यायला गेलो तेव्हा जुना ब्लॉक मागितला. मान वर न करता तो म्हणाला, 'तुकडा काढताना चिरला, भंगारात टाकला.' स्टीलचा तो ठोकळा आहे! दांडीचा तुकडा कसा काढतात हे मला माहीत आहे. आट्यांत भेदक तेल सोडून रात्रभर ठेवतात, मग उलट्या फिरणाऱ्या ड्रिल बिटने बाहेर ओढतात. त्यात फार तर आटे खराब होतील, अख्खा ब्लॉक चिरेल कसा? चिरतो तो ओतीव जस्ताचा. आणि समजा चिरला, तरी माझी वस्तू मला न विचारता टाकायचा अधिकार याला कोणी दिला? हे सगळं त्याच वेळी डोक्यात आलं होतं. पण तोवर त्याने माझ्या हातात गिटार दिली, ॲम्प चालू केला आणि सेटअपबद्दल बोलायला लागला. संध्याकाळी साऊंडचेक होता. त्या घाईत भांडण उकरून काढायला कोण तयार होतं?

दुसरी खूणही समोरच होती. नवी दांडी अर्ध्यावर अडत होती आणि त्याने ती पकडीने पिळून बसवली. म्हणाला, 'नवीन आहे, टाइट असणारच.' तसं नसतं, लक्षात ठेवा. अमेरिकन आणि मेक्सिकन फेंडरच्या दांडीचे आटे साधारणपणे १०-३२ या इंची मापाचे, आशियात बनलेल्या बऱ्याच ब्रिजचे मेट्रिक, एम५ किंवा एम६. एम५ आणि १०-३२ इतके जवळजवळचे आहेत की जोर लावला तर एक दुसऱ्यात शिरतो आणि दोन्हीकडचे आटे खातो. दांडी नुसत्या बोटांनी, अडखळल्याशिवाय आत गेली पाहिजे. जिथे पकड लागली, तिथे माप चुकलं.

रविवारी कार्यक्रमात पहिली ई तार तुटली. नवी घातली, तीही टिकली नाही. दर वेळी तुटायची ब्रिजपाशी, मणी असतो त्या टोकाजवळ. त्याला फोन केला तर म्हणाला, 'तारा हलक्या कंपनीच्या वापरता.' मी वर्षानुवर्षं त्याच तारा वापरतोय.

शेवटी पुण्यातल्या एका ओळखीच्या कारागिराकडे गिटार उघडली. त्याने पहिल्यांदा चुंबक लावला. चिकटला नाही. स्टीलचा ब्लॉक चुंबक घट्ट धरतो, जस्ताचा धरत नाही. पितळेचाही धरत नाही, म्हणून 'हा पितळी आहे' असं कोणी सांगितलं तर आतला रंग बघा. पितळ पिवळं, जस्त राखाडी. चुंबक ब्लॉकच्या मोकळ्या बाजूला लावायचा, नाहीतर स्प्रिंगा आणि स्क्रू त्याला ओढतात आणि दुकानदार म्हणतो बघा, चिकटला.

नंतर ब्लॉक सोडवला. ब्लॉकच्या वर ब्रिजची प्लेट असते, तिच्या भोकांतून तारा वर येतात. माझ्या प्लेटवरच्या भोकांमधलं अंतर जुन्या मापाचं, सुमारे ११.३ मिलिमीटर. या ठोकळ्याचं १०.५. कडेच्या तारा सरळ वर न येता प्लेटच्या धारेवर घासत होत्या, म्हणून तुटत होत्या. ब्लॉक धरणाऱ्या तीन स्क्रूंपैकी दोनच लावलेले, कारण तिसऱ्याचं भोक जुळतच नव्हतं. आणि दांडी आत जावी म्हणून प्लेटचं भोक कानशीने वाढवलेलं. ही चूक असूच शकत नाही. कानस हातात घेतली तेव्हा आपण भलत्याच मापाचा माल बसवतोय हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. चौकीत गेलो. हवालदारांनी विचारलं, 'गिटार परत मिळाली ना? मग चोरी कसली?' मी म्हटलं चोरी ब्लॉकची, फसवणूक पैशांची. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ३१६ विश्वासघाताचं. दुरुस्तीला दिलेली वस्तू परस्पर दाबली, याला दुसरं काय म्हणायचं? उत्तर ठरलेलं: 'सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.' अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. घेतला तर पोच द्यायला तयार नव्हते. साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, साहेब मीटिंगमध्ये. तेरा हजार म्हणजे यांच्या लेखी किरकोळ. माझ्यासाठी ती अख्ख्या गणपतीतल्या कार्यक्रमांची कमाई आहे. पैसे ज्या ॲपने पाठवले त्यांनी कळवलं की व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, आमचा संबंध नाही. ग्राहकांसाठी म्हणून असलेल्या एका मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर समोरच्याकडून काहीच उत्तर आलं नाही आणि माझ्या तक्रारीपुढे 'निकाली' असं लिहून आलं. कोणाचा निकाल लागला? मला एक रुपया मिळाला नाही, त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही, आणि कागदावर सगळं मिटलं! फोन केला की पुन्हा सुरुवातीपासून कहाणी सांगायची आणि पलीकडच्याने विचारायचं, 'सर, ट्रेमोलो म्हणजे कुठलं प्रॉडक्ट?'

आता ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून चौकीच्या चकरांमध्ये ती घालवू नका. मला आडवं येतंय ते बिल. त्यावर नुसतं 'ट्रेमोलो रिपेअर' लिहिलंय, पत्ताही अर्धवट. २,८५० रोख दिले त्याचा तर पुरावाच नाही. 'रोख द्या, जीएसटी वाचेल' म्हणणाऱ्याला एक रुपयाही रोख देऊ नका. बिलावर सुट्या भागाचं पूर्ण नाव, धातू आणि आट्यांचं माप लिहून घ्या. गिटार देण्याआधी मागचं झाकण उघडून ब्लॉकचे फोटो काढा, शक्यतो त्याच्याच समोर. जुना भाग हातात पडल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत. आणि नुसता तुकडा अडकला असेल तर आधी एखाद्या चांगल्या लेथवाल्याला ब्लॉक दाखवा. आटे गेलेले असले तरी पुष्कळदा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून ते परत साफ होतात.

माझा ब्लॉक भंगारात गेला यावर माझा विश्वास नाही. तो विकला गेला असणार. खूण अशी: स्प्रिंगा अडकतात त्या भोकांच्या ओळीजवळ दोन समांतर ओरखडे, आणि चपट्या बाजूला मी काळ्या मार्करने लिहिलेला इंग्रजी 'एम', पुसट झालेला. मुंबई, ठाणे, कल्याण पट्ट्यात कोणी अलीकडे वापरलेला मेक्सिकन ब्लॉक घेतला असेल, तर झाकण उघडून एकदा बघा आणि सापडला तर कोणाकडून घेतला तेवढं इथे लिहा. तुमचा माल परत मागणार नाही. मला फक्त आयोगापुढे ठेवायला पुरावा हवा आहे.