मागाचा सुटा भाग की विद्युत जोडणीचा? सोलापुरातील एका सीमाशुल्क सल्लागाराच्या सेवेविषयी

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या मागांची नियंत्रण पॅनेले दुरुस्त करण्याचे आमचे लहान वर्कशॉप आहे. टर्मिनल ब्लॉक, तांब्याचे लग, प्लग-सॉकेट आणि दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेल्या तारांचे हार्नेस आम्ही परदेशातून थेट मागवतो. मागील एका खेपेच्या इनव्हॉइसवर पुरवठादाराने सर्वच मालापुढे ‘मागाचे सुटे भाग’ असे लिहिले आणि आमच्या तेव्हाच्या क्लिअरिंग एजंटाने (बंदरातून माल सोडवून देणाऱ्याने) तोच शब्द प्रमाण मानून सगळा माल सीमाशुल्क दरपत्रकातील ८४४८ या शीर्षकाखाली, म्हणजे त्या क्रमांकाच्या मालगटात, दाखवला. न्हावा शेवा बंदरात त्यावर हरकत निघाली, कंटेनर अडकला आणि भाडे चढत गेले. त्यानंतर शहरातीलच एका सीमाशुल्क सल्लागार कार्यालयाकडे आम्ही गेलो. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

फोनवर त्यांनी एकही क्रमांक सांगितला नाही. प्रत्येक वस्तूचा नमुना आणि कॅटलॉगचे पान घेऊन या, एवढेच सांगितले. तेथील सल्लागार मॅडमनी पिशवी टेबलावर रिकामी करून एकेक वस्तू हातात घेतली आणि तिच्यातून वीज वाहते का, किती व्होल्टची, वस्तू स्वतःच पूर्ण आहे की दुसऱ्या एखाद्या वस्तूचा भाग आहे, असे विचारत दोन तास घालवले. आमच्यासारख्या अनेकांचा समज असा की मागावर बसते ते मागाचे. तो समज कुठे चुकतो, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट कळले. माग ८४४६ मध्ये येतो आणि त्याचे भाग ८४४८ मध्ये, हे खरे; परंतु दरपत्रकातील यंत्रे व विद्युत वस्तूंच्या सोळाव्या विभागाची दुसरी टीप असे सांगते की जो भाग ८४ किंवा ८५ व्या प्रकरणातील एखाद्या शीर्षकात स्वतःच नमूद असेल, तो त्याच शीर्षकात जातो, मग तो कोणत्याही यंत्रावर बसो. एक हजार व्होल्टपर्यंतच्या विद्युत जोडणीची साधने ८५३६ मध्ये नमूद असल्यामुळे आमचे टर्मिनल ब्लॉक आणि प्लग-सॉकेट तेथेच जातात.

लगचे प्रकरण अधिक रंजक निघाले. लग शुद्ध तांब्याचा असल्यामुळे तो तांब्याच्या ७४ व्या प्रकरणात जाईल, असे मी ठामपणे म्हणालो होतो. धातूंच्या पंधराव्या विभागाच्या टिपेनेच सोळाव्या विभागातील विद्युत वस्तू वगळल्या आहेत, आणि तारेच्या टोकाला जोडणीसाठी बसवायचे लहान धातूचे तुकडे हे ८५३६ चेच मानले जातात, हे त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. कनेक्टरसह आलेली तार मात्र ८५३६ मध्ये नसून ८५४४ मध्ये, कारण ते शीर्षक ‘कनेक्टर बसवलेली असो वा नसो’ अशा स्वरूपाचे आहे. (आमच्या स्टोअरमध्ये ‘हार्नेस’ म्हटले की जॅकार्डच्या दोऱ्यांची जुळणी समजतात, सोलापुरात हा शब्द इनव्हॉइसवर एकटा लिहू नये.)

कनेक्टरच्या रिकाम्या प्लॅस्टिक हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर) त्या अडल्या. तो ८५३८ मधील भाग की ८५४७ मधील विद्युतरोधक फिटिंग, यावर दोन्ही बाजूंची कारणे लिहून त्यांनी ८५३८ कडे कल दाखवला आणि त्यात वाद संभवतो हेही लेखी दिले. खात्री हवी असल्यास आयातीपूर्वीच वर्गीकरणाचा निर्णय देणाऱ्या मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्याचे शुल्क दहा हजार रुपये आहे, परंतु तुमच्या काही शे हाउसिंगसाठी तो खर्च परवडणार नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. स्वतःचे काम वाढवण्याची संधी त्यांनी येथे सोडली, आणि माझ्या लेखी हीच या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. २०११ पासून आयातदारानेच शुल्काची स्वतः आकारणी करायची असल्यामुळे क्रमांक चुकला तर नोटीस एजंटाला नव्हे, आपल्याला येते. साधारणपणे दोन वर्षांपर्यंत आणि माहिती दडवल्याचे ठरल्यास पाच वर्षांपर्यंत मागची वसुली निघू शकते. शिवाय आयजीएसटीचे (आयातीवरील जीएसटीचे) क्रेडिट मिळते, मूळ सीमाशुल्काचे मिळत नाही, त्यामुळे दरातील फरक थेट आपल्या खिशातून जातो.

उणिवाही आहेत. पाच दिवसांत मिळणारा अहवाल बाराव्या दिवशी आला. शुल्क वस्तूगणिक आकारले जाते, हे पहिल्या भेटीत सांगितले नाही. बिल पाहूनच कळले. अहवाल केवळ इंग्रजीत असल्यामुळे आमच्या स्टोअरकीपरला त्याचा उपयोग नव्हता. मागणी केल्यावर एका पानाचा मराठी तक्ता करून दिला, पण तो मागावा लागला.

पुढच्या खेपेचे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क खात्याकडे भरायचे आयातपत्र) एकाऐवजी चार ओळींत भरले गेले, पुरवठादाराकडूनही प्रत्येक वस्तूचे वेगळे वर्णन लिहून घेतले, आणि माल हरकतीविना सुटला. जाणाऱ्यांनी नमुने अवश्य सोबत न्यावेत. फक्त मोबाइलमधील छायाचित्रे दाखवली तर त्या परत पाठवतात. दुसऱ्या भेटीला आम्ही भर उन्हात तसेच परत आलो आहोत.