माणशी 1,150 ठरले होते, बिल आलं 54,295 रुपयांचं

आमची भिशी डोंबिवलीची, 23 बायकांची. गेली अकरा वर्षं पैसे माझ्याकडे जमा होतात आणि आजवर हिशेबात रुपयाचा फरक पडला नव्हता. त्यामुळे जानेवारीतल्या अलिबागच्या सहलीचं हे लिहिताना अजून हात जड होतो. पण आमच्यासारखे ग्रुप दर शनिवार-रविवारी तिकडे जातात, म्हणून लिहितेय.

गेटवेहून बोटीने मांडवा, पुढे ठरवलेली बस, दुपारचं जेवण आणि संध्याकाळच्या बोटीने परत, असा बेत होता. दिवस पोपटीचे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचे. तरी जेवण मात्र लेबनीज ठरलं. आमच्यातली एक मुलाकडे दुबईला चार वर्षं राहून आलेली. तिथल्या लेबनीज जेवणाचं ती इतकं छान वर्णन करायची, की सगळ्यांनाच एकदा खाऊन बघायचं होतं. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात तसं रेस्टॉरंट सापडलं.

फोनवर मॅनेजर म्हणवणाऱ्याने सांगितलं, "मॅडम, सेट मेनू, माणशी अकराशे पन्नास, टॅक्स वेगळा." व्हॉट्सअ‍ॅपवर मेनूचा फोटो आला: हमस (काबुली चण्यांची चटणी), बाबा गनूश, लबने, तबुले, फतूश, दोन गरम पदार्थ, ग्रिल, भात, बकलावा. पाच टक्के कर धरून मी प्रत्येकीकडून 1,300 घेतले आणि 10,000 रुपये अ‍ॅडव्हान्स यूपीआयने पाठवला. पैसे पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव नव्हतं, एका माणसाचं नाव होतं. मी ते पाहिलं होतं. "अकाउंट्सवाल्याचा नंबर आहे," असं तो म्हणाला आणि मी बटण दाबलं. त्या क्षणी थांबले असते तर निम्मा त्रास वाचला असता.

आम्ही बसताच टेबलावर पुदिन्याच्या लिंबू सरबताचे जग आले. मागोमाग ऑलिव्ह आणि गुलाबी सलगमाच्या लोणच्याच्या बशा आल्या. आमच्यापैकी कुणीही काही मागवलं नव्हतं. दुबईवाली म्हणाली, "अगं, हे असंच असतं. लोणची, कच्च्या भाज्या, गरम पाव हे सगळं तिकडे बसल्या बसल्या आणून ठेवतात, त्याचे पैसे नसतात." तिचं खोटं नव्हतं. तिथल्या बऱ्याच लेबनीज हॉटेलांत तशीच रीत आहे. या लोकांनी त्याच रीतीचा फायदा घेतला. वेटरने पाण्याच्या बाटल्या विचारल्याशिवाय फोडल्या. साधं पाणी मागितलं तर म्हणाला, फिल्टर बंद आहे.

मग मेनूतले पदार्थ आले. 23 जणींत प्रत्येक पदार्थाच्या चारच छोट्या बशा. मेझे म्हणजे मधे ठेवून वाटून खायचे लहान लहान पदार्थ, हे खरं. पण वाटायला काही हवं ना! तबुलेत पार्सली भरपूर आणि दलिया नावाला असतो. इथे नुसती कोथिंबीर आणि काकडी होती. लबने म्हणजे आपल्या चक्क्याचाच भाऊ, मीठ घातलेला. आम्हाला जे मिळालं ते बाटलीतल्या मेयोनेजसारखं लागत होतं. हमस मात्र चांगलं होतं, तिळाची चव नीट लागत होती. ते संपलं की वेटर वाकून विचारायचा, "आणखी आणू का, काकू?" अशा मायेने विचारल्यावर कोण नाही म्हणेल? पावाच्या टोपल्या तर न विचारताच बदलत होत्या.

बकलावा खाऊन झाला तरी बिल येईना. तीनदा मागितलं. शेवटी आलं तेव्हा बसचा ड्रायव्हर दारात उभा होता आणि बोटीला तासच उरला होता. हा उशीर मुद्दाम केला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परतीची बोट ठरलेली आहे हे बुकिंग करताना मीच त्यांना सांगितलं होतं. तुम्ही कधी निघणार हे त्यांना सांगू नका, आणि बकलावा येण्याआधीच बिल मागवा.

बिल 54,295 रुपयांचं. सेट मेनू 23 ऐवजी 25 जणींचा, 28,750. "मोठ्या ग्रुपला किमान पंचवीसचं पॅकेज असतं," हे पहिल्यांदा तिथे कळलं. सरबताचे सहा जग 3,900. लोणच्याच्या चार बशा 1,800. जादा हमस सहा वेळा, 3,300. पावाच्या नऊ टोपल्या 1,980. पाण्याच्या चौदा बाटल्या 2,100. वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 4,183, आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. दहा हजारांच्या अ‍ॅडव्हान्सचा उल्लेखच नव्हता. कागदाच्या डोक्यावर 'एस्टिमेट' छापलेलं, जीएसटी क्रमांक कुठेही नाही. म्हणजे कच्चं बिल.

आमच्यातली एक बँकेतून निवृत्त झालेली, ती शांतपणे उभी राहिली. पक्कं बिल मागितलं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, हे तिला माहीत होतं. मग सर्व्हिस चार्जवर बोट ठेवलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजीच सांगितलंय की हॉटेलने हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. तिने 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनवर दाबायला घेतला, तेव्हा सर्व्हिस चार्ज काढलेलं दुसरं बिल आलं. 18 टक्क्यांवरही मी चिडले होते, पण ती माझी चूक. जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांवर जातं अशा हॉटेलातल्या जेवणाला तोच दर आहे. पाच टक्के साध्या हॉटेलांना. हे आधी विचारायला हवं होतं.

बाकी काही सुटलं नाही. जादा दोन जणींचं जेवण तसंच राहिलं. अ‍ॅडव्हान्सबद्दल काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तो नंबर आमचा नाही." मॅनेजर 'आज सुट्टीवर' होता आणि फोन उचलत नव्हता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझ्या कार्डावरून 49,359 रुपये भरले आणि आम्ही पळत बसमध्ये चढलो. बोटीत कुणीच फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी 1915 वर तक्रार नोंदवली. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेनू, यूपीआयची पावती, दोन्ही बिलांचे फोटो दिले. कच्चं बिल परत मागत होते, ते मी दिलं नाही, तेच आता सगळ्यात जास्त उपयोगी पडतंय. हॉटेलचं उत्तर आलं की संबंधित माणूस नोकरी सोडून गेला आहे, पुढच्या भेटीत सवलत देऊ. पुढची भेट आम्हाला नकोच आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय. वकील लागतोच असं नाही, आणि एवढ्या रकमेला फीही नाही. बँकवाली मैत्रीण अर्ज लिहितेय.

तुम्ही ग्रुपने जाणार असाल तर दर, किमान माणसं, कर, जादा बशीचा भाव आणि पाणी, हे सगळं लेखी मागवा. उत्तर हॉटेलच्या अधिकृत ईमेलवरून आलं तरच अ‍ॅडव्हान्स द्या, तोही हॉटेलच्या खात्यात. टेबलावर न मागवलेलं काही आलं की हात लावण्याआधी एकीने विचारायचं, "हे सेट मेनूत आहे का?" ते विचारणारी एकच बाई आधी नेमून ठेवा. आम्हा तेवीस जणींना वाटत होतं की दुसरीने कुणीतरी विचारलं असेल.

अ‍ॅडव्हान्स धरून माणशी 2,581 रुपये पडले. म्हणजे प्रत्येकीने आणखी 1,281 द्यायचे. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याची नोकरी दिवाळीपासून गेलेली आहे. तिला मी म्हटलं, तुझे राहू देत. तिने ऐकलं नाही. दोन हप्त्यांत दिले, दुसरा परवाच, पाकिटात घालून, वरचा एक रुपयासुद्धा सुटा.