पीएचपीचं अंगभूत सेशन: पाचपैकी साडेतीन

पतसंस्थांची पोर्टलं पीएचपी या वेब-भाषेत बनवतो, त्यामुळे कोण लॉगिन झालंय हे लक्षात ठेवणाऱ्या तिच्या सेशनशी रोजचाच संबंध. फुकट, सुटसुटीत, एका ओळीत सुरू. पण कुणी कुकीत, म्हणजे ब्राउझर दर वेळी सर्व्हरला पाठवतो त्या चिठ्ठीत, मनानेच रचलेला सेशन-आयडी पाठवला, तरी मूळ सेटिंगवर हे मुकाट त्याच आयडीचं सेशन उघडून देतं! तो आयडी दुसऱ्याच्या गळ्यात मारा, त्याने लॉगिन केलं की तुम्हीही आत. पीएचपीच्या ५.५.२ आवृत्तीपासून 'स्ट्रिक्ट मोड' आलाय. सर्व्हरने न दिलेला आयडी नाकारून तो नवा देतो. मग तो मूळ सेटिंगवर बंद का, देव जाणे. त्यात स्वतःचा सेव्ह हँडलर (सेशनची माहिती साठवणारा कोड) लिहिलात आणि त्यात आयडी तपासणारं 'व्हॅलिडेट आयडी' फंक्शन विसरलात, तर मोड चालू असूनही तपासणी शून्य. मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणे; वाचतो कोण? शिवाय हल्लेखोर सर्व्हरकडूनच खरा आयडी घेऊन येऊ शकतो, म्हणून लॉगिननंतर आयडी बदलाच.