पार्ले की वांद्रे? घर ठरवायच्या आधी

पैशांचं बोलायचं तर दोन्हीकडचे आकडे डोळे पांढरे करणारेच आहेत. म्हणून विलेपार्ले पूर्व आणि वांद्रे पश्चिम यांच्यात निवड करताना आधी एवढंच बघावं, की संध्याकाळी सहाला तुमच्या घरातलं कोण कुठे असणार आहे. मी पार्ल्यात वाढलो, मध्ये तीन वर्षं वांद्र्याला भाड्याने राहिलो आणि परत आलो. त्यामुळे माझं पारडं कुठे झुकणार ते आधीच कबूल करतो.

पार्ल्यात सगळं संस्थेतून चालतं. लोकमान्य 1920 साली गेले, 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं आणि 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ. गावाचा कणा अजून तोच. पुलं याच शाळेतले, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात निदान तिघे जण ऐकवतील. पुस्तकांना आणि व्याख्यानांना सेवा संघ, नाटकाला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, पोहायला प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल. सामान लागतं न लागतं तोच कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन दारात येतं, आणि गणपतीपर्यंत तुमची मुलगी समूहगीतात दुसऱ्या रांगेत उभी असते. माझी आई नाटकाला एकटी जाते. चालत जाते, मध्यंतरात बटाटावडा खाते, तिथे भेटलेल्या चार बायकांबरोबर चालत परत येते. तिचं वय सत्तरीच्या पुढे आहे. तिच्या वयाच्या माणसाला मुंबईत याहून मोठी चैन कुठली, मला तरी माहीत नाही.

आता दुसरी बाजू. पार्लं तुमच्यावर लक्षही ठेवतं. रात्री किती वाजता आलात, बरोबर कोण होतं, यंदा वर्गणी कमी का दिलीत, सगळ्याची नोंद असते. आवडही ठरलेली: नाट्यगीत, अभंग, नावाजलेले गायक, आणि दिवाळी पहाटेला ठेवणीतली पैठणी नाहीतर कडक इस्त्रीचा झब्बा. काही वेगळं बघायचं तर रिक्षा करून जुहूला पृथ्वी थिएटरला जायचं. ते 1978 पासून तिथेच आहे, तरी पार्लेकर त्यालाही ‘आपलं पृथ्वी’ म्हणतो.

वांद्र्यात तुम्हाला कोणी बोलवायला येत नाही. तीन वर्षांत शेजाऱ्याचं आडनाव मला कुरिअरवाल्याकडून कळलं. पण दाराबाहेर पडलं की बघायला भरपूर. रणवार आणि चॅपल रोडच्या गल्ल्यांत लाकडी जिन्यांची जुनी घरं, वळणावर फुलं वाहिलेला कुरूस (क्रॉस), भिंतींवर चित्रं. चित्रकार रणजित दहिया यांनी इथे हिंदी सिनेमा भिंतींवर आणला, आणि एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले, तेही कित्येक मजले उंच. पोर्तुगीजांनी 1640 साली बांधलेल्या किल्ल्यापाशी खुलं प्रेक्षागृह आहे, सेंट अँड्र्यूजचं सभागृह आहे, आणि मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव झालेला आहे. कपड्यांचं म्हणाल तर लिंकिंग रोडवर घासाघीस करून घेतलेली चप्पल आणि आतल्या गल्लीतल्या बुटीकचा कुर्ता एकाच माणसाच्या अंगावर दिसतात, आणि कोणी वळून बघत नाही. एकट्या माणसाला, विशेषतः एकट्या बाईला, हे न बघणं फार मोलाचं असतं.

‘वांद्र्यात मराठी उरली नाही’ असं पार्ल्यात सर्रास म्हणतात. मीही म्हणायचो. मग खालच्या मजल्यावरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या, आजी त्यांच्या मराठीत माझ्याशी भांडल्या, पाण्याच्या पंपावरून, आणि त्यांचे शब्द माझ्या शब्दांपेक्षा जुने निघाले. गावठाणांतली ही मंडळी इथली मूळची. सप्टेंबरात मोतमाऊलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा भरते तेव्हा तिकडे बघा: कोळणी, गुजराती कुटुंबं, नवस फेडायला आलेले हिंदू, हातात मेणाची घरं आणि मेणाचे हातपाय. त्या आठवड्यात गाडी बाहेर काढायचं मात्र नाव घेऊ नका.

घराचंही बघायला हवं. पार्ल्यात विमानतळाजवळच्या फनेलमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गामुळे, इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत, त्यामुळे तीन मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या सोसायट्यांचा पुनर्विकास रखडतो. घर आवडलं तरी आधी सोसायटीची कागदपत्रं मागा, आणि विमानाचा आवाज खिडकी उघडी ठेवून ऐका. वांद्र्याला फास्ट लोकल थांबते, पार्ल्याला बहुतेक स्लोच. पण स्टेशनवरून घरी पार्लेकर चालत पोचतो, तर वांद्रेकर रिक्षाच्या रांगेत उभा असतो.

घरात आईवडील किंवा शाळेतलं मूल असेल तर पार्लं घ्या. एकटे असाल, सिनेमा-जाहिरातीत काम असेल, किंवा नातेवाइकांपासून चार स्टेशनं लांब राहायचं असेल, तर वांद्रे. मध्येच अडकला असाल तर एका शनिवारी चारच्या प्रयोगाला दीनानाथला जाऊन बसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कार्टर रोडवर फिरा. दोन्हीकडे आईला बरोबर न्या. माझ्या आईने कार्टर रोडवर समुद्राकडे पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, “छान आहे, पण इथे बसायला कोण येतं?”