प्राण्यांची कार्डं, माहिती झकास पण छपाई ढिसाळ

राजवाड्याजवळच्या एका दुकानातून पोरीसाठी आफ्रिकन प्राण्यांच्या कार्डांचा सेट घेतला, दुसऱ्याच दिवशी कोपरे उचकटले आणि पटास माकडाच्या कार्डावर चक्क आपल्या काळतोंड्या वानराचा फोटो! बदलून मागितलं तर दुकानदार म्हणे, 'भिया, बंदर तो बंदर है ना.' घ्या!

मागची माहिती मात्र भारी आहे. हे माकड बहुतेक वेळ जमिनीवरच, ताशी 55 किमीपर्यंत पळतं, माकडांत सगळ्यात फास्ट. बाभळीचा डिंक आवडीनं खातं. रात्री मात्र बिबट्याच्या भीतीनं कळप पांगतो, मोठी माकडं एका झाडावर एकेकटीच झोपतात, म्हणजे सगळे एकदम सापडायला नको. तेव्हापासून पोरगी झोपायला वेगळी खोली मागतेय. तीन स्टार.